मिरजेतली गुरुवारची संध्याकाळ

सांगलीहून मिरज म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरी सतारमेकर गल्लीत पोचेपर्यंत चार वाजून गेले. एका दुकानात वाळलेल्या भोपळ्यांची चळत लागलेली होती, आणि एक तरुण तंबोऱ्याचा भोपळा घासत बसला होता. शेजारी मोबाइलवर माहेर झैन. लेबनानमध्ये जन्मलेला, स्वीडनचा हा गायक पॉपच्या चालीत अल्लाची आठवण गातो. "ह्याची गाणी वाद्यांची पण मिळत्यात, नुसत्या आवाजाची पण," तो तरुण म्हणाला. "रमजानात आजी नुसत्या आवाजाचंच लावायला सांगती."

ज्या घराची चूल तारांवर पेटते, तिथली ही आजी! वाद्यं चालतात की नाही, हा वाद मुस्लिमांमध्ये शतकांपासूनचा आहे. चिश्ती परंपरेच्या सूफी संतांनी मात्र 'समा', म्हणजे ऐकणं, हीच साधना मानली.

तिथून मीरासाहेब या सूफी संतांच्या दर्ग्यात गेलो. आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. त्यांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना वाटेत बरं वाटेना म्हणून ते एका लहानशा स्टेशनवर उतरले, फलाटावरच दरबारी रागाच्या सुरांत अल्लाचं नाव घेतलं आणि गेले, असं सांगतात. कबरीपाशी उभं राहून मला ते खरंच वाटलं.

दिवेलागणीला कव्वाल बसले. हार्मोनियम, ढोलक, टाळ्या. आधी हम्द, म्हणजे अल्लाची स्तुती, मग नात, म्हणजे पैगंबरांची, मग मनकबत, म्हणजे पीरांची. रिवाजाप्रमाणे सगळं झाल्यावर विशीतल्या गायकानं 'कुन फाया कुन' उचललं. २०११ च्या 'रॉकस्टार'मधलं, रहमानच्या चालीचं. हे शब्द कुराणातले: अल्लानं 'हो' म्हटलं की ते होतं. पडद्यावर ते गाणं दिल्लीतल्या निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यातलं आहे, जिथे त्यांचे शिष्य, कवी अमीर खुसरोही निजले आहेत. सिनेमानं सूर दर्ग्यातून नेला होता, तो मिरजेत पुन्हा दर्ग्यातच आला. समोरच्या कुणाला पडद्यावरचा नट आठवत असेल, असं मला वाटत नाही. सिनेमाच्या गाण्यात खरी प्रार्थना होते का, हा प्रश्न मी घरून घेऊन आलो होतो. तो तिथे विचारावासाच वाटला नाही.

माझ्यापुढे बसलेल्या मावशींनी डोळे पुसले, पदराची गाठ सोडून दहाची नोट काढली आणि गायकापुढे ठेवत म्हणाल्या, "बाळा, तेवढी ओळ परत म्हण."