तुम्ही विचारलंत म्हणून: कॅनडातले पक्ष एका रात्रीत आपटतात कसे?

मायदेशी फोन झाला की नातेवाइकांपैकी कोणीतरी हा प्रश्न हमखास काढतो: ‘तुमच्याकडचे मतदार इतके लहरी आहेत का हो? काल सत्तेवर असलेला पक्ष आज दोन जागांवर येतो, वर्षभर पुढे असलेला नेता स्वतःच्याच मतदारसंघात पडतो, हे होते तरी कसे?’ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीनंतर तर हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की एकदाच नीट उत्तर लिहून ठेवलेले बरे. माझ्या मते मतदार जेवढा लहरी दिसतो तेवढा नाही. मते सरकतात हे खरे. पण ती सरकून कोठे पडतात, यावर पक्षाचे नशीब ठरते, आणि ज्याच्या नावावर सगळा प्रचार चालतो त्या नेत्याचे नशीब तर पक्षाच्या नशिबापासूनही वेगळे निघू शकते.

दोन जागांचा किस्सा १९९३ चा. ब्रायन मल्रूनी यांनी १९८४ मध्ये २८२ पैकी २११ जागा जिंकून प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला विक्रमी बहुमत मिळवून दिले होते. ते बहुमत मुळात एका अवघड मोळीवर उभे होते. फ्रेंचभाषिक क्वेबेक प्रांतातील राष्ट्रवादी आणि पश्चिमेकडील, विशेषतः अल्बर्टातील, क्वेबेकच्या लाडांना कंटाळलेले लोक अशी दोन टोके त्यांनी एकत्र बांधली होती. संविधानात क्वेबेकला विशेष स्थान देण्याचे दोन प्रयत्न १९९० आणि १९९२ मध्ये फसले, १९९१ पासून सात टक्के जीएसटी लागू झाला, आणि मोळी सुटली. मल्रूनी यांच्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेल्या ल्यूसिएन बूशार यांनी क्वेबेकपुरता ब्लॉक केबेक्वा काढला. पश्चिमेत प्रेस्टन मॅनिंग यांचा रिफॉर्म पक्ष आधीच उभा होता. मल्रूनी निघून गेले आणि हे सगळे ओझे जून १९९३ मध्ये किम कॅम्पबेल यांच्या डोक्यावर आले. देशाच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्यांच्या प्रचारयंत्रणेने लिबरल नेते जाँ क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याची जवळून घेतलेली छायाचित्रे दाखवणारी जाहिरात काढली. लहानपणच्या आजाराने क्रेतियाँ यांच्या तोंडाची एक बाजू वाकडी झालेली होती, आणि जाहिरात त्या व्यंगाची टर उडवते आहे अशीच समजूत सगळ्यांची झाली. ती लगेच मागे घ्यावी लागली, पण व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

आता आकडे पाहा. त्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्हांना १६ टक्के मते आणि दोन जागा मिळाल्या. ब्लॉकला साडेतेरा टक्के मते आणि ५४ जागा मिळाल्या, आणि कॅनडा फोडू पाहणारा तो पक्ष संसदेत अधिकृत विरोधी पक्ष म्हणून बसला. एकाची मते देशभर पातळ पसरलेली, दुसऱ्याची एकाच प्रांतात दाट साठलेली. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही पद्धत आपल्याकडच्यासारखीच असल्यामुळे भारतीय वाचकाला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. स्वतः कॅम्पबेल व्हँकूव्हर सेंटरमध्ये हरल्या, आणि त्यांना हरवणाऱ्या हेडी फ्राय २०२५ मध्येही तेथून निवडून आल्या आहेत.

हेच गणित उलट्या बाजूने पाहायचे असेल तर २०२५ पाहावे. आदल्या डिसेंबरात अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी राजीनामा दिला, ६ जानेवारीला लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी पद सोडण्याची घोषणा केली, आणि तेव्हा जनमत चाचण्यांत पिएर पोलिएव्ह यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह वीसपेक्षा जास्त टक्क्यांनी पुढे होते. नंतर डोनाल्ड ट्रम्प यांनी आयातशुल्क लादले आणि कॅनडाला एक्कावन्नावे राज्य म्हणणे चालूच ठेवले. ओंटारिओच्या सरकारी दारूदुकानांतून अमेरिकन वाइन आणि व्हिस्की उचलली गेली. किराणा दुकानांत देशी मालाच्या किमतीशेजारी मेपलचे पान चिकटवलेले दिसू लागले. कधीही खासदार नसलेले, दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर राहिलेले मार्क कार्नी मार्चमध्ये पंतप्रधान झाले. पोलिएव्ह ज्या कार्बन कराविरुद्ध दोन वर्षे रान उठवत होते, तो ग्राहकांवरील कर कार्नी यांनी पहिल्याच दिवशी शून्यावर आणला. पोलिएव्ह यांच्या हातातले हत्यारच गेले.

तरीही पोलिएव्ह यांची मते घटली असे समजू नका. त्यांच्या पक्षाला ४१.३ टक्के मते मिळाली, १९८८ नंतरची सर्वात जास्त, आणि जागाही ११९ वरून १४४ वर गेल्या. ट्रूडो यांनी २०१५ मध्ये ३९.५ टक्क्यांवर निर्विवाद बहुमत मिळवले होते, त्यांच्या आधीचे कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी २०११ मध्ये जवळपास तेवढ्यावरच. पोलिएव्ह त्याहून अधिक मते घेऊन विरोधी बाकावर राहिले. कारण ट्रम्पच्या धास्तीने डाव्या वळणाच्या एनडीपीचा (न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचा) मतदार लिबरलांकडे गेला. त्या पक्षाची मते १७.८ वरून ६.३ टक्क्यांवर आली, जागा सात उरल्या आणि नेते जगमीत सिंग स्वतःही हरले.

पोलिएव्हही हरले, तेही २००४ पासून हातात असलेल्या, राजधानी ओटावालगतच्या कार्लटनमध्ये. निवडणूक पद्धतीचा निषेध म्हणून तेथे एका गटाने ढिगाने उमेदवार उभे केले होते. ९१ नावांची मतपत्रिका जवळजवळ एक मीटर लांब होती आणि मोजणी पहाटेपर्यंत चालली. लिबरल उमेदवार ब्रूस फॅनजॉय मात्र त्याआधी दोनेक वर्षे दारोदार हिंडत होते. मतदारसंघात सरकारी नोकरांची वस्ती मोठी, आणि नोकरशाही कमी करण्याची पोलिएव्ह यांची भाषा त्यांना रुचणारी नव्हती. आपल्याकडे नेत्याला दोन मतदारसंघांतून उभे राहता येते. कॅनडात ती सोय नाही. म्हणून अल्बर्टातील एका खासदाराने आपली हुकमी जागा रिकामी केली, आणि ऑगस्टमधील पोटनिवडणुकीत पोलिएव्ह ८० टक्क्यांच्या आसपास मते घेऊन परत आले. कार्लटनने नाकारले, अल्बर्टाने डोक्यावर घेतले. माणूस तोच आणि भाषणेही तीच.

सर्वाधिक मते त्याला विजय ही पद्धत बदलण्याचे वचन ट्रूडो यांनी २०१५ मध्ये दिले होते आणि २०१७ मध्ये गुंडाळून ठेवले. पद सोडताना मात्र त्याचीच खंत त्यांनी बोलून दाखवली. सत्ता मिळवून देणारी शिडी कोण मोडतो, असे मला तेव्हाही वाटले होते.

यावर पुढचा प्रश्न येतो: ‘मग एनडीपी संपला म्हणायचा का?’ येथे एक गोष्ट भारतातून सहसा दिसत नाही. कॅनडात प्रांतीय पक्षांचे नशीब संघीय पक्षाला बांधलेले नसते. १९९३ मध्ये दोन जागांवर आलेल्या कॉन्झर्व्हेटिव्हांचे ओंटारिओतील भाऊबंद १९९५ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, माइक हॅरिस यांच्या नेतृत्वाखाली प्रांतात सत्तेवर आले. संघीय पक्षाला रिफॉर्मच्या वारसांशी जुळवून घ्यायला २००३ उजाडले आणि सत्तेला २००६. एनडीपीच्या पराभवाच्या वेळीही ब्रिटिश कोलंबिया आणि मॅनिटोबा या प्रांतांत त्याच पक्षाची सरकारे होती. अडचण आहे ती ओटावात. संसदेत अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळायला बारा जागा लागतात. त्या नसल्या की संशोधनाचा निधी आणि प्रश्नोत्तराच्या तासातला हक्काचा वाटा जातो. शिवाय उमेदवाराला दहा टक्के मते मिळाली तरच त्याच्या प्रचारखर्चाचा ६० टक्के भाग सरकारी तिजोरीतून परत मिळतो, आणि एनडीपीच्या बहुसंख्य उमेदवारांना २०२५ मध्ये ती रेषा गाठता आली नाही. त्यामुळे त्या निवडणुकीनंतर त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न विचारसरणीचा नसून पैशांचा होता.