समोरचे बुवा गायला लागले की

चतुर्थीला पंधरा दिवस राहिले असताना डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या आळीपाळीने गायच्या सामन्यात, पखवाज वाजवणारे एक काका डावा खांदा धरून माझ्या मालवणच्या क्लिनिकात आले. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू, आमचा ट्रॅपेझियस, पिळलेल्या सुंभासारखा. हाताला मुंग्या नाहीत, एक्सरेत वयाला शोभेल तेवढीच झीज. "वाजवन वाजवन खांदो गेलो," हे निदान ते घरूनच घेऊन आले होते आणि मलाही ते पटलं होतं.

तिसऱ्या दिवशी बायोफीडबॅक लावलं. मानेचा खालचा मणका आणि खांद्याचं टोक यांच्या मध्यावर, स्पिरिटने पुसून, दोन सेंटिमीटरवर दोन इलेक्ट्रोड. हे यंत्र शेक किंवा करंट देत नाही. स्नायू आखडताना त्यात जी वीज होते, व्होल्टच्या दशलक्षाव्या भागात मोजायची, ती पडद्यावर रेघ म्हणून दाखवतं आणि 'टूं' असा आवाज देतं. ताण वाढला की आवाज चढतो.

"काका, खांदा सैल सोडा."

"सोडलंय मा!"

आकडा ९. सैल खांद्याला माझ्या यंत्रावर सहसा २-३ च्या वर जात नाही. मी ठरवून टाकलं की पंख्याची, बोर्डाची ५० हर्ट्झची घरघर आत शिरली असणार. वायरी हलवल्या, घामाने सुटलेल्या पट्ट्या दोनदा बदलल्या. तेवढ्यात लाईट गेली. पंखा बंद, लॅपटॉप बॅटरीवर, बाहेर नुसता पाऊस. आकडा ८. म्हणजे घरघर होती ती एवढीच. अर्धा तास मी यंत्राला बोल लावत होते.

रेघेवर मध्येच एकसारखी टोकं येत होती. डाव्या खांद्यावर हृदयाचे ठोकेही पकडले जातात.

"ह्या कोण वाजवता?"

"तुमचं काळीज."

काकांनी लगेच मांडीवर बोटांनी त्याच्याशी ठेका जुळवला. मला जॉन बस्माजियन आठवले. कॅनडातल्या या शरीररचनातज्ज्ञाने १९६३ साली, आवाज ऐकवून आणि पडद्यावर दाखवून, लोकांना अंगठ्याच्या स्नायूतलं एकेकटं मोटर युनिट, म्हणजे एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले तंतू, मनाने चालवायला शिकवलं. काहींनी त्यातून चक्क ढोलाचे ठेके काढले होते!

दुसऱ्या दिवशी काकांना पखवाज घेऊन बोलावलं. वाजवताना रेघ उसळायची, पण दोन थापांच्या मध्ये पार खाली यायची. अगदी गजराच्या जलद लयीतसुद्धा. वाजवणं निर्दोष! मग त्यांच्याच मोबाईलवरचं एका बारीचं रेकॉर्डिंग लावलं, समोरच्या बुवांची पाळी. काकांचे हात पखवाजावर नुसते टेकलेले. रेघ १२ वर गेली आणि तिथेच राहिली. टूं टूं चढत गेलं.

"आता मी खय वाजवतय!"

तेच तर. पहाटेपर्यंत चालणाऱ्या बारीत निम्मा वेळ ते ऐकत बसायचे, खांदा कानाकडे ओढून, समोरच्या पखवाजावर डोळे रोखून. स्नायूला जोराच्या कामापेक्षा विश्रांती न मिळणाऱ्या हलक्या कामाचाच पुष्कळदा जास्त जाच होतो.

'सैल सोडा' म्हणून तो आकडा उतरेना. खांदा मुद्दाम ताठ करून सोडायला लावला, तर ६ वर आला आणि अडकला. शेवटी त्यांनीच वाट काढली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावताना हात कसा आपोआप जड होतो, ते आठवून बसले. ३. डोळे उघडून बघितलं तर पुन्हा ५, आणि त्यांनी मला अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येणार नाही.

आठवडाभर रोज वीस मिनिटं, शेवटचे दोन दिवस आवाज बंद ठेवून. दुखणं निम्म्याहून कमी झालं. बाकीच्यासाठी व्यायाम चालू आहेत.

गणपतीच्या पाचव्या दिवशीच्या बारीला मी मुद्दाम गेले. समोरचे बुवा रंगात आले होते, आणि काका गरज नसताना कणकेचा गोळा अंगठ्याने मळत बसले होते.