बिनधुराची आग

उरणपासून खाली दाभोळपर्यंत या किनाऱ्यावर गॅसची कामं चालतात. त्यातल्याच एका प्लांटमध्ये मी शिफ्ट इनचार्ज आहे. कुठल्या, ते सांगत नाही. पुढे जे लिहिलंय ते आमच्या वरच्यांना फारसं रुचणार नाही.

बाहेरच्या माणसाला प्लांट म्हणजे एक उंच चिमणी आणि तिच्या टोकावरची आग, एवढंच दिसतं. लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतोच, "एवढा गॅस फुकट जाळता, त्यापेक्षा आम्हाला सिलिंडर द्या की." त्याला काय सांगायचं? एखादा कंप्रेसर अचानक बंद पडला, तर आत येणाऱ्या गॅसला काही सेकंदांत वाट द्यावी लागते. ती वाट म्हणजे फ्लेअर, तीच ती चिमणी आणि तिच्यावरची आग. नुसता सोडला तर प्रोपेनसारखा जड गॅस जमिनीलगत पसरून ठिणगी शोधत फिरतो. मिथेन हलका, तो वर जातो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापमान वाढवतो. म्हणून जाळायचा. जाळणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, पण नीट जाळला तरच. हे "नीट" आमच्याकडे कुणी मोजत नाही, आणि गेल्या हिवाळ्यापासून माझं डोकं त्यातच अडकलंय.

फ्लेअर पेटती ठेवणं हेसुद्धा कोकणात सोपं काम नाही. टोकावरचा पायलट, म्हणजे सतत जळती ठेवलेली छोटी ज्योत, विझला तर वर चढून काडी लावता येत नाही. खाली जमिनीवर एका पाइपात गॅस आणि हवा ठरावीक प्रमाणात भरायची आणि बटण दाबून ठिणगी द्यायची. आगीचा गोळा पाइपातून वर पळत जातो आणि पायलटला शिवतो. पावसाळ्यात या पाइपात पाणी साठतं, गोळा अर्ध्या वाटेत मरतो, आणि नवखा ऑपरेटर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतो. जुना माणूस आधी खालचा ड्रेन उघडतो, पाणी जाऊ देतो, थोडी हवा फुंकून पाइप कोरडा करतो, मगच ठिणगी. खाऱ्या हवेने वरचे थर्मोकपल, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखणारे सेन्सर, कधी खाल्ले जातात ते कळतही नाही, आणि मोठ्या शटडाऊनशिवाय ते बदलता येत नाहीत. तोवर पायलट जळतोय की नाही हे कॅमेऱ्यात बघून ठरवायचं. करोडोंचा प्लांट आणि शेवटचा भरवसा डोळ्यांवर.

तर झालं असं. जानेवारीत आमचा रेफ्रिजरेशन कंप्रेसर ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला. जड गॅसचा मोठा लोट फ्लेअरकडे गेला आणि वाफ पोचायच्या आत काळा धूर उठला. जड हायड्रोकार्बनला पुरेशी हवा मिळाली नाही की काजळी धरते, म्हणून टोकाशी वाफेचे फवारे असतात. वाफ स्वतः जळत नाही. ती आजूबाजूची हवा ओढून ज्वालेत कालवते. ती वाफ यायला उशीर झाला आणि सकाळच्या वाऱ्याने सगळी काजळी कोळीवाड्यावर नेली. तिथे बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकत होते.

दुपारी बायका गेटवर. पुढे होती ती मावशी मला ओळखीची. आमच्या कॅन्टीनला सुकट तीच द्यायची. तिने पदरातून एक बोंबील काढला, सिक्युरिटीच्या पांढऱ्या रजिस्टरवर घासला आणि पानावर उमटलेला काळा पट्टा मला दाखवला. "ह्यो बग. कोन घेनार असला?" यावर काय बोलणार? तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. भरपाई मिळाली, तीही बऱ्याच घासाघिशीनंतर, आणि त्यात कंपनीची शोभा व्हायची ती झालीच.

पण खरा उद्योग पुढे झाला. वरून आदेश आला: कॅमेऱ्यात धूर दिसता कामा नये, कधीच नाही. झालं, कंट्रोल रूममधल्या पॅनेलवरच्या पोरांनी सोपा उपाय काढला. वाफेचा व्हॉल्व्ह कायमचा मोठा उघडून ठेवायचा, गॅस येवो न येवो. दिवसा ज्वाला दिसेनाशी झाली. वरचे खूश, गाव खूश. चिमणीचा फोटो "स्वच्छ हवा, स्वच्छ किनारा" अशा ओळीसकट कंपनीच्या ग्रुपवर फिरला. मला मात्र फ्लेअरच्या बाजूने जाताना एक खालच्या पट्टीतला गडगडाट ऐकू यायचा. वाफ जास्त झालेली फ्लेअर तसा आवाज करते. मी तोंडी सांगितलं, शिफ्टच्या वहीत लिहिलं. उत्तर आलं, "धूर आहे का? नाही ना? मग?"

त्यानंतर फेब्रुवारीत गळती तपासायला बाहेरची एक टीम आली. त्यांच्याकडे गॅस दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा होता. फ्लँज, व्हॉल्व्हच्या ग्लँड, पंपांच्या सील अशा गळू शकणाऱ्या सांध्यांवर तो रोखून फिरत होते. त्यातल्या तंत्रज्ञाला म्हटलं, जरा वर चिमणीकडे बघ ना. तो म्हणाला, "साहेब, ते आमच्या कामात नाही." चहा पाजला. मग बघितलं.

डोळ्यांना निळं आकाश आणि टोकाशी हवेची थोडी थरथर. स्क्रीनवर टोकापासून निघालेला एक जाड पट्टा होता, आडवा होत, वाऱ्याबरोबर लांबवर गेलेला. तंत्रज्ञ भला माणूस. आधीच बजावलं की वाफ आणि गरम हवा यात घोटाळा करतात, आणि किती गॅस आहे हे या चित्रावरून सांगता येत नाही. म्हटलं, मग वाफ कमी करून बघू. पट्टा वाफेचाच असेल तर कळेलच.

वॉकीटॉकीवर पॅनेलला सांगितलं, हळूहळू मिटव. पोरगा घाबरला, "साहेब, धूर येईल." मिटव म्हटलं, फक्त टोक थंड ठेवायला किमान वाफ लागते त्याच्या खाली जाऊ नकोस. व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. आधी गडगडाट थांबला. मग टोकाशी भर उन्हात नारिंगी ज्वाला दिसायला लागली, आणि स्क्रीनवरचा पट्टा मागून विरत विरत चिमणीकडे आखडत आला. नुसती वाफ हवेत विरली की थोड्या अंतरावरच नाहीशी होते. हा पट्टा तर मघाशी झाडांच्या पार पलीकडे गेलेला होता. शेवटी ज्वालेच्या शेंड्याला धुराची अगदी बारीक शेपटी फुटली. तिथे थांबवलं. स्क्रीनवर जवळजवळ काही उरलं नव्हतं. तंत्रज्ञ स्वतःहून रेकॉर्डिंग करत होता.

यात मी काही शोध लावला असं नाही. अमेरिकेत 1983 साली अहवाल आलेल्या चाचण्यांत, वाफ गॅसच्या वजनाच्या साडेतीन पटींपर्यंत असताना 98 टक्क्यांहून जास्त ज्वलन झालं. सहा-सात पटींवर नेल्यावर ते सत्तरच्या आसपास घसरलं. 2010 मध्ये टेक्सासच्या पर्यावरण खात्यासाठी पुन्हा पाहिलं, तेव्हा ज्वलन सर्वांत चांगलं होतं ते धूर येऊ येऊ म्हणतो त्या बिंदूपाशी. जगभर कागदावर फ्लेअर 98 टक्के जाळते असं धरतात. अमेरिकेतल्या तीन तेलपट्ट्यांवर विमानातून मोजलं, त्याचा अभ्यास 2022 मध्ये छापून आला, तर विझलेल्या फ्लेअर धरून सरासरी 91 निघाली. सात टक्क्यांचाच फरक वाटतो. पण न जळलेला गॅस दोनाचा नऊ झाला, म्हणजे चौपटीहून जास्त. आणि 2023 मध्ये जगाने 148 अब्ज घनमीटर गॅस फ्लेअरमध्ये घातला होता, हे जागतिक बँकेचे आकडे.

आणि गावाला काहीच कळलं नाही, कारण वास नव्हता. घरच्या सिलिंडरचा वास गॅसचा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. आमच्या फ्लेअरकडे जाणाऱ्या गॅसमध्ये ते नसतं.

नारिंगी ज्वाला दिसायला लागून दहा मिनिटं झाली नसतील, मॅनेजरसाहेबांचा फोन. "फ्लेअरला काय केलंस?" मी कॅमेऱ्याचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या कॅमेऱ्यातलं तुला दिसतं. धूर सगळ्या गावाला दिसतो." माणूस वाईट नाही. बोंबलाचा तो पट्टा त्यांनीही पाहिला होता, आणि काजळीही काही निरुपद्रवी नाही, ती फुप्फुसात जाते. पण आमच्या रोजच्या फॉर्मवर "धूर: आहे / नाही" एवढाच रकाना आहे, आणि ज्याला रकाना नाही ते घडतच नाही अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. अमेरिकेत 2015 च्या नियमाने रिफायनऱ्यांना फ्लेअरच्या टोकाशी, वाफ मिसळल्यावरही, दर घनफुटाला किमान 270 बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता राखावी लागते. त्यासाठी गॅस आणि वाफ दोन्ही सतत मोजावे लागतात. मी हा नियम छापून त्यांच्या टेबलावर ठेवला. अजून तिथेच आहे, त्यावर कपाचा गोल डाग पडलाय.

मग गॅस मुळातच कमी करू म्हणून मागे लागलो. फ्लेअर हेडरला, म्हणजे फ्लेअरकडे गॅस नेणाऱ्या मुख्य पाइपला, जोडलेले रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की उघडणारे) आणि बायपास (आडवाटेचे व्हॉल्व्ह) बंद असूनही झिरपतात. दाबाखालचा गॅस फटीतून सुटला की गार होतो, आणि आपल्या दमट हवेत तो पाइप घामाघूम होतो. पहाटे, ऊन चढायच्या आत, हेडरच्या कडेकडेने हात लावत फिरायचं. सगळे कोरडे आणि एकच ओला, तोच चोर. असा एक बायपास सापडला, खालच्या बाजूला थेंब लोंबत होते आणि गंजाची ताजी नारिंगी रेघ उतरली होती. त्याचा बंदोबस्त केल्यावर फ्लेअरचा गॅस चांगलाच उतरला.

आणि इथेच फसगत. गॅस उतरला, पण वाफेचा व्हॉल्व्ह आहे आणीबाणीच्या मोठ्या लोटासाठी मापलेला. एवढ्या कमी गॅसला लागते तेवढी थोडी वाफ तो धड सोडूच शकत नाही. एकतर बंद, नाहीतर भसकन जास्त. म्हणजे गळती जितकी थांबवावी तितका उरलेला गॅस वाईट जळणार. यावर दोन उपाय. एक, मोठ्याच्या जोडीला एक छोटा व्हॉल्व्ह. दुसरा, खरा उपाय: हेडरवर पाण्याची सील घालून गॅस अडवायचा, छोट्या कंप्रेसरने ओढून परत प्लांटमध्ये आणायचा, आणि फ्लेअर आणीबाणीपुरती राखायची. जो गॅस जाळतो तोच तर आम्ही विकतो. पण त्या प्रस्तावाची फाइल माझ्या आधीच्या इनचार्जनेही वर पाठवली होती. दरवर्षी नवी तारीख घालून ती पुन्हा जाते.

मावशी मधे कॅन्टीनला आली होती. तिला सांगायचा प्रयत्न केला की थोडी पिवळी आग, शेंड्याला पुसटसा धूर, हे ठीक असतं. काहीच दिसत नाही ते वाईट. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे चुलीत फुकणी लई मारली का जाल इजतो, तसाच ना?" आमच्या मीटिंगमध्ये हे समजवायला मला स्लाइड लागल्या होत्या. मग म्हणाली, "पन माज्या बोंबलावर परला, तर मी येनार." ये म्हटलं.

छोटा व्हॉल्व्ह मंजूर झाला, आलासुद्धा. फ्लँजचं रेटिंग चुकीचं निघालं. खरेदी खात्याने सर्वांत स्वस्त उचलला होता. परत पाठवलाय. तोवर माझ्या शिफ्टला शेपटी ठेवून चालवतो आणि धूर विचारणारे फोन मीच घेतो; दुसऱ्या शिफ्टला गडगडाट चालू असतो.