गुपित कुठे फुटतं: टॉवेल कारखान्यात समुपदेशनाची सोय उभारताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात समुपदेशनाची सोय सुरू करायची ठरली, तेव्हा चांगला समुपदेशक मिळणं हीच मोठी अडचण असेल असं आम्हाला वाटत होतं. ती लवकर सुटली. वेळ गेला तो गुपित राखण्याची व्यवस्था लावण्यात. "कुणाला कळणार नाही" या शब्दावर कामगार येत नाही. खोली कुठे आहे, पास कसला मिळतो आणि मजुरी कापली जाते का, हे बघून तो ठरवतो.

पहिली खोली टाइम ऑफिसला लागून होती. महिनाभर कुणी फिरकलं नाही, कारण दारात उभं राहिलं की हजेरीच्या रांगेला दिसतं. मग ती प्रथमोपचार खोलीच्या आतल्या बाजूला हलवली. तिथे बीपी बघायला, बोटाला पट्टी बांधायला लोक येतातच. पासही तोच, "दवाखाना" लिहिलेला. वेळ पाळीतलीच ठेवली, कारण पाळी सुटल्यावर बायका थांबू शकत नाहीत. पण पीसवर, म्हणजे जेवढा माल तेवढी मजुरी, असं काम करणाऱ्याचा माग अर्धा तास बंद राहिला तर तेवढी मजुरी बुडते. म्हणून बदली विणकर लावायचा आणि तेवढं उत्पादन मूळ माणसाच्याच नावावर धरायचं. हे मुकादमाला आधी पटवा, नाहीतर तोच सगळ्यांसमोर विचारतो, "कुठं निघालास?"

फलकावरून "नैराश्य" हा शब्द काढला. खात्यात माणूस "टेन्शन आहे", "झोप लागंना", "छातीत धडधडतंय" असं म्हणतो, म्हणून तेच लिहिलं. खाली १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर दिला. तिथे चोवीस तास मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या माणसासाठी हे फार महत्त्वाचं आहे. मराठी कितीही सफाईदार असलं, तरी मनातलं बोलायला घरची भाषाच लागते.

जॉबरला, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याला, निदान करायला शिकवू नका. सोमवारचे खाडे वाढलेत, तुटलेला धागा वेळेवर दिसत नाही, डबा तसाच घरी जातोय, एवढं टिपलं तरी पुरे. विचारायचं मात्र मागाच्या खडखडाटात नाही. तिथे ओरडूनच बोलावं लागतं आणि शेजारचे चौघे ऐकतात. बाहेर आवारात नेऊन साधं विचारायचं: "डबा खात नाही तुम्ही हल्ली. झोप लागते का?" पुष्कळदा उत्तरात उचल आणि सावकार निघतो. कर्ज बोलून फिटत नाही. उचलीचा हप्ता कमी करणं हाही आम्ही या कामाचाच भाग धरला.

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची चाचणी आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले की डॉक्टरांकडे पाठवायचं. ती सगळ्यांना वाटून गठ्ठ्याने गोळा करण्याची चूक करू नका. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला "हो" आलं आणि कागद आठवडाभर कपाटात पडला, तर ती चाचणी न घेतलेलीच बरी. उत्तर त्याच वेळी वाचायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही, रंगखात्याच्या रसायनांजवळ जाऊ द्यायचं नाही, घरच्यांना बोलावायचं आणि त्याच दिवशी सोबत जाऊन सिव्हिलला दाखवायचं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव मागू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आम्हाला "चार आठवडे रात्रपाळी नको" एवढंच लागतं. रात्रपाळीचा मुद्दा गंभीर आहे: बायपोलर आजारात (यात मन कधी उन्मादाकडे, कधी नैराश्याकडे झुकतं) झोप मोडली की उन्मादाचा झटका येऊ शकतो, आणि गुंगी आणणारी गोळी घेऊन चालत्या मागावर उभं राहणं धोक्याचं. आपल्याकडे उन्हाळ्याचा भाग वेगळा. पारा चाळिशी ओलांडतो, घाम जातो आणि बायपोलरवरचं लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या रक्तात त्याचं प्रमाण वाढू शकतं. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. गोळी कोण घेतं हे आम्हाला कळायची गरज नाही. म्हणून पाण्याची सुट्टी सगळ्या खात्याला दिली.

पैशाचं आधीच सांगा. महिना २१,००० पर्यंत मजुरी असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू आहे. योगदानाच्या सहामाहीत ७८ दिवस भरले असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतात. त्यावरच्या पगाराच्या लोकांसाठी गट विमा असेल, तर त्यात मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पॉलिसीचे कागद वाचून खात्री करा.

परतणाऱ्याला पहिले दोन आठवडे निम्मे माग दिले. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पीसमुळे मजुरीही निम्मी झाली आणि माणूस तिसऱ्या दिवशी "सगळे द्या" म्हणत आला. आता त्या दोन आठवड्यांची मजुरी आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीने धरतो, आणि मस्टरवर त्याच्या नावापुढे वेगळी खूण करत नाही.