साताऱ्याहून कल्याणीनगर: आईला घेऊन एसटी ते मेट्रो

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि दर महिन्याला तिला साताऱ्याहून पुण्यात कल्याणीनगरला तपासणीसाठी आणायचं ठरलं. दर वेळी गाडी करणं परवडणारं नव्हतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आलेली. म्हटलं, हेच करू. पण तिला आणायच्या आधी एका सोमवारी मी एकटाच जाऊन आलो.

बरं झालं गेलो. एसटी स्टँडवरून मेट्रोच्या दारापर्यंत मी मुद्दाम आईच्या चालीनं चाललो, घड्याळ लावून. अकरा मिनिटं. सिग्नल सुटला तेव्हा मी अजून रस्त्याच्या मध्यावर होतो. फुटपाथची कड वीतभर उंच, तिथे काठी टेकवून पाय उचलायचा म्हणजे धरायला कुणीतरी हवंच. सरकता जिना लगेच दिसला, लिफ्ट मात्र दोघांना विचारून सापडली. मी तिच्या दाराचा फोटो काढून ठेवला.

पुढचं सोपं होतं. मंडई, कसबा पेठ, मग जिल्हा न्यायालय. तिथे गाडी बदलायची. हे स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आणि वनाझ-रामवाडीची गाडी वर पुलावर. ऐकूनच आई घाबरली होती. पण तिकीट तेच, लिफ्टनं वर आलो की झालं. नंतर तिला घेऊन आलो तेव्हा इतक्या खोलवर ऊन येतं याचंच तिला नवल वाटलं. दोन मिनिटं ती तशीच वर बघत उभी राहिली.

इतक्या खोलातून पुलावर म्हातारं माणूस विनासायास पोचतं. मग एक रस्ता ओलांडताना त्याचा जीव मुठीत का? तिथे सिग्नल थोडा लांबवा, फुटपाथला उतार द्या, लिफ्टकडे नेणारी पाटी स्टँडच्या फाटकातच लावा. यात फार मोठा खर्च नाही. हे तीन मुद्दे लिहून मी अर्ज दिलाय, पोचही घेतलीय.

तोवर आम्ही पहाटे साडेपाचची एसटी धरतो. नऊच्या गर्दीआधी तेवढा रस्ता पार व्हायला हवा.