दोन नकाशांपासून चौदा नकाशांपर्यंत : आमची वाटचाल

लातूरच्या आमच्या कार्यालयातून सुरुवातीला एका घराचे दोनच नकाशे बाहेर पडत. एक ट्रेसिंगवर काढून अमोनिया प्रिंट केलेला, प्लॅन-एलिव्हेशन-सेक्शनचा (वरून, समोरून आणि कापून दिसणाऱ्या घराचा); दुसरा कॉलम-बीमच्या सळयांच्या तक्त्याचा. बाकी सगळं मिस्त्री जागेवर ठरवायचे. आज तेवढ्याच घराला आम्ही चौदा नकाशे देतो. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर एकाच टेबलावर बसणारी फर्म म्हणून आमची जी वाढ झाली, ती या चौदा कागदांत वाचता येते. साइटवर पुन्हापुन्हा चुकणाऱ्या गोष्टींपायीच ते एकेक करून वाढत गेले.

पहिली भर किल्लारीच्या भूकंपानंतरची. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. घरं दगड-मातीची, भिंती दोन-अडीच फूट जाड. एवढी जाड भिंत मजबूत वाटते, पण तिचे आतला आणि बाहेरचा असे दोन सुटे पदर असतात आणि मध्ये खडे-मातीची भर. वर माळवद, म्हणजे मातीचं जड धाबं. दीड फूट मातीचा थर धरला तरी दर चौरस मीटरला ७०० किलोच्या वर वजन होतं. पाच इंची आरसीसी स्लॅबचं सव्वातीनशेच्या आसपास भरतं. हादऱ्याने पदर फुगून एकमेकांपासून सुटले आणि माळवद माणसांवर आलं.

५२ गावं नव्या जागी वसली. पण शेकडो गावांतली उभी घरं जागेवरच मजबूत करायची होती, आणि त्या कामासाठी आमचा तिसरा नकाशा तयार झाला : आरपार बांधदगडांचा. भिंतीच्या दोन्ही पदरांना शिवणारा काँक्रीटचा टाका म्हणजे हा बांधदगड. साधारण एकेक मीटरवर खुणा करायच्या. खुणेवरचा दगड पहारीने ठोकून काढायचा नाही, भोवतीची माती बारीक सळईने कोरून सैल करायचा. मग मधली भर हळूहळू काढत पलीकडच्या पदरापर्यंत जायचं. भोक दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये तीन इंचांचं, डमरूसारखं. अर्धं काँक्रीट भरून त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली ८ मि.मी. सळई ठेवायची, उरलेलं भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. एका वेळी जवळजवळची दोन भोकं उघडली की भिंत तिथेच पोट काढते, म्हणून भोकांचा क्रमसुद्धा नकाशावर आकड्यांनी लिहायला लागलो. याआधी माळवदाची माती उतरवून वजन कमी करायचं, हे त्याच नकाशावर ठळक लिहिलेलं असे. मालकांना ते सर्वांत जड जायचं. माळवदाखालचा उन्हाळ्यातला गारवा पत्र्याखाली मिळत नाही, हे आम्हालाही माहीत होतं.

यानंतर पायाचा नकाशा वेगळा झाला, आणि आमच्या भागात याच कागदावर सर्वांत जास्त विचार करावा लागतो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रुंदावणारे आणि पावसाळ्यात मिटणारे तडे असले की दोष मातीत आहे, हे जवळजवळ नक्की समजावं. आता कुठलंही डिझाइन हाती घेण्याआधी आम्ही खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहतो आणि मातीची एक साधी चाचणी करतो. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेल्या कोरड्या मातीचे १० ग्रॅमचे दोन भाग, १०० मि.लि.च्या दोन काचनळ्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रॉकेल. हवेचे बुडबुडे ढवळून काढायचे आणि २४ तास हलवायचं नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मि.लि. आणि पाण्यात १८ मि.लि. भरली, तर फुगवटा ८० टक्के. ५० च्या वर गेला की वरवरचा पाया आम्ही देत नाही. मुरूम आवाक्यात असेल तर पाया मुरमात नेतो. नसेल तर साडेतीन मीटरपर्यंतचे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब; फुगा पाइलच्या अडीचपट व्यासाचा, आणि पाइलच्या डोक्यांना जोडून भिंती पेलणाऱ्या ग्रेड बीमखाली मातीपासून किमान ८० मि.मी. पोकळी. ही पोकळी विसरली तर फुगणारी माती बीमलाच खालून उचलते.

पाया असा नीट करूनही फरशी उचकटते, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच : खोदाईत निघालेली काळी माती वाहतूक वाचवायला पुन्हा प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, भरलेली असते. म्हणून पायाच्या नकाशावर ‘प्लिंथमध्ये फक्त मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुमस’ ही ओळ लाल अक्षरात असते. घराभोवतीचं पेव्हिंग बाहेरच्या बाजूला उतारावर, हेही तिथेच.

२००२ साली भूकंपाचा नकाशा बदलला आणि लातूर झोन ३ मध्ये आलं. त्याच सुमारास काँक्रीटची किमान प्रत एम १५ वरून जास्त ताकदीच्या एम २० वर गेली होती. आकडेमोड बदलणं सोपं होतं. टेबलावर वाद झाला तो कॉलमच्या मापावर. नऊ इंची कॉलम भिंतीत लपतो आणि खोली स्वच्छ दिसते. पण भूकंपाच्या तपशिलांच्या २०१६ च्या नव्या संहितेत किमान बाजू ३०० मि.मी. झाली, म्हणजे सुमारे पावणेतीन इंचांचा कोपरा खोलीत येणार. तेव्हापासून कॉलमची जागा प्लॅनच्या पहिल्याच कच्च्या रेखाटनात ठरते. कपाटाच्या मागे, दाराच्या पाखाशी, जिन्याच्या कोपऱ्यात तो बसवला की खटकत नाही. इंजिनीअर शेवटी आला तर मात्र कोपरा बरोबर पलंगाच्या उशाशी येतो.

कॉलम-बीमच्या सांध्याचा नकाशा आम्ही मोठ्या प्रमाणात, १:१० वर काढतो. उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगचे आकडे १३५ अंशांत आत वळलेले हवेत, वळणापुढे किमान ६५ मि.मी. नव्वद अंशांचा आकडा फिटरला (सळया बांधणाऱ्याला) सोपा जातो, पण हादऱ्यात सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर सुटलं की तो उघडतो आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. त्याहून जास्त चुकते ती खुद्द सांध्यातली रिंग. बीमचा पिंजरा वर बांधून खाली सोडला की सांध्यात रिंग घालायला हातच शिरत नाही, मग ती राहूनच जाते. फिटरवर चिडून उपयोग नाही, क्रम बदलायला हवा : सांध्यातल्या रिंगा आधी कॉलमवर ओवून तात्पुरत्या वर बांधायच्या, पिंजरा बसता बसता एकेक खाली सरकवायची. हा क्रम आम्ही चित्रांत काढतो. स्लॅब भरण्याआधी आमचा माणूस प्रत्येक सांध्यात बोट घालून रिंगा मोजतो.

पाण्याचा कागद २०१६ नंतरचा. त्या वर्षी मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आलं. अशा गावात नवा स्लॅब ओला राहावा म्हणून त्यावर आळी बांधून पाणी साठवा हे कोणत्या तोंडाने सांगायचं? १०० चौरस मीटर स्लॅबवर इंचभर पाणी म्हणजे अडीच हजार लिटर, तेही एका उन्हाळी दिवसात बरंचसं उडून जाणारं. आम्ही ओली पोती आणि वर प्लास्टिक, किंवा क्युअरिंग कंपाउंड (काँक्रीटची ओल टिकवणारा लेप) लिहून देतो. त्याच कागदावर छताच्या पाण्याचा हिशेबही असतो : १०० चौरस मीटर छत, ७०० मि.मी. पाऊस, ८० टक्के हाती लागला तरी ५६ हजार लिटर.

प्लंबिंगच्या स्लीव्हचा, म्हणजे पाइपसाठी बीममध्ये आधीच सोडायच्या नळ्यांचा, नकाशा नसेल तर चार इंची पाइपसाठी प्लंबर ओतलेला बीम फोडतो, तोही बहुतेक कॉलमजवळ, जिथे बीमवर सर्वांत जास्त ताण. ऑनलाइन परवानगीसाठीची ड्रॉइंग राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीपासून वेगळीच फाइल झाली आहे. तिच्यात लेयरची (संगणकावरच्या नकाशातल्या थरांची) नावं चुकली तरी प्रस्ताव परत येतो.

चौदावा नकाशा घर पूर्ण झाल्यावर मालकाच्या हाती देतो. भिंतीत दडलेल्या पाइप-वायरिंगचे मार्ग, पाया किती मजल्यांसाठी धरला आहे तो आकडा, आणि गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळयांची काळजी. उघड्या सळया काही पावसाळ्यांत गंजून बारीक होतात. म्हणून त्यांना सिमेंटच्या रबडीचा हात द्यायचा आणि सिमेंट अगदी कमी घातलेल्या, पुढे सहज फोडता येईल अशा काँक्रीटमध्ये झाकून ठेवायचं. मजला चढवताना ते फोडल्यावर सळईची जाडी व्हर्नियरने मोजायची, ती घटलेली निघाली तर कॉलममध्ये खाली ड्रिल करून नव्या सळया केमिकलने बसवायच्या.