कोलकात्यात जेवायचं तर घड्याळ बघून

कोलकात्यात महिनाभर राहायचं असेल तर खोली पार्क स्ट्रीट किंवा सडर स्ट्रीटला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉटेलं तिथे ढिगानं आहेत, पण संध्याकाळच्या गर्दीत जीव नकोसा होतो आणि बंगाली घरात जे शिजतं ते त्या भागात शोधावं लागतं. त्यापेक्षा श्यामबाजार ते काळीघाट या उत्तर-दक्षिण मेट्रोच्या पट्ट्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर जागा बघावी. देशातली पहिली मेट्रो 1984 साली याच मार्गावर धावली, आणि शहरातल्या खाण्याच्या बऱ्याचशा जुन्या वस्त्या याच रेषेला लागून आहेत.

पत्ते सापडतात, वेळ सापडत नाही. इथे प्रत्येक पदार्थाला तास नेमून दिलेला आहे. उत्तरेत हातीबागान, बागबाजार भागात हिंगाची कचुरी सकाळी सात ते दहा. आत उडदाच्या डाळीच्या सारणाचा पातळ थर, सोबत बटाट्याची रस्सेदार भाजी, हवी तर शेवटी एक जिलबी. दहानंतर कढई उतरते आणि उरलेली कचुरी चामट होते. अकराला आरामात उठून नाश्त्याला निघणाऱ्यांना हे शहर उपाशी ठेवतं. त्याचं मला वाईटही वाटत नाही.

टिरेटा बाजार या जुन्या चिनी वस्तीतला नाश्ता वेळेच्या बाबतीत याहून कडक. पोद्दार कोर्टाजवळच्या रस्त्यावर पहाटे पाट्या मांडल्या जातात: फिश बॉलचं सूप, डुकराच्या मांसाचे वाफवलेले बाओ, शुमाई. रविवारी माल सर्वांत जास्त असतो आणि आठ-साडेआठला आवराआवर सुरू होते. अडचण अशी की रविवारी मेट्रो नऊच्या सुमारास सुरू होते, म्हणजे तिच्या भरवशावर निघालेला माणूस रिकाम्या रस्त्यावर उतरतो. टॅक्सी करावी आणि साडेसहाला पोचावं. चिनी विक्रेते आता थोडेच उरलेत, बाकी पाट्यांवर मोमो आणि पुरीभाजी. टांग्राचं चिनी जेवण म्हणजे वेगळं प्रकरण. तिथे जुन्या चामड्याच्या कारखान्यांच्या वस्तीत संध्याकाळी जायचं असतं.

पण एवढ्या मुक्कामात एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ती पाइस हॉटेलात, म्हणजे साध्या बंगाली खाणावळीत, जेवण्याची. पाइस म्हणजे पैसा; एकेकाळी तिथे काही पैशांत जेवण मिळे, त्यावरून हे नाव. कॉलेज स्ट्रीटलगत भवानी दत्त लेनमधलं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल, न्यू मार्केटजवळचं सिद्धेश्वरी आश्रम, रासबिहारीकडचं तरुण निकेतन ही त्यांतली जुनी नावं. थाळी हा प्रकार इथे नाही. प्रत्येक जिन्नस सुटा आणि त्याची किंमतही सुटी. काही ठिकाणी केळीचं पान आणि लिंबाची फोडही वेगळी लावतात. वाढपी त्या दिवशीच्या पदार्थांची नावं एका दमात म्हणून दाखवतो. भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं, पण ते बंगालीत. लिपी येत नसेल तर शेजारच्या पानाकडे बोट दाखवावं, कुणी रागावत नाही.

नवखे लोक सगळं एकदम मागवतात आणि तिथेच फसतात. बंगाली जेवण क्रमानं चढत जातं. आधी थोड्या भातावर कडू: कारलं घातलेलं शुक्तो. मग डाळ आणि सोबत काहीतरी तळलेलं. त्यानंतर भाजी: केळफुलाची मोचा, कोवळ्या फणसाची एँचोड किंवा खसखशीतली आलू-पोस्तो. मासा त्याच्यापुढे, आणि शेवटी टोमॅटोची गोड चटणी. मोहरीतला मासा आधी खाल्ला तर पोस्तोची चवच लागत नाही, जीभ बधिर झालेली असते.

माशाचं नाव सांगून भागत नाही, कालवण कोणतं तेही सांगावं लागतं. झोल म्हणजे पातळ रस्सा, झाल म्हणजे तिखट, बहुधा मोहरी वाटून केलेला, आणि कालिया म्हणजे कांदा-मसाल्याचा दाट. रोहू-कटल्याचा तुकडा गादा हवा की पेटी, हेही ठरवावं. गादा पाठीकडचा, बारीक दुहेरी काट्यांनी भरलेला. पेटी पोटाकडची, चरबीदार आणि मोठ्या काट्यांची. सुरमई-पापलेटवर वाढलेल्यांनी बिनदिक्कत पेटी मागावी. इलिशला, म्हणजे हिलसा माशाला, हा सल्ला लागू नाही, तिच्यात काटे सगळीकडे. घास बोटांनी चाचपूनच तोंडात घालायचा. साडेबारापर्यंत पोचलात तर पाबदा, पारशे, चितळ हे मासे मिळण्याची शक्यता. दोननंतर बहुतेक रोहूच उरतो.

माझी तक्रार डाळीबद्दल आहे. खोबऱ्याचे काप घातलेली चणाडाळ ते साखर घालून करतात, आणि आमटीतल्या गुळावर वाढलेल्या मलाही ती जास्त वाटते. साध्या मसूर डाळीत एवढा गोडवा नसतो, ती मागवावी.

फिरण्याबद्दल थोडंच. इथल्या बऱ्याचशा रिक्षा ठरलेल्या मार्गावर शेअरनं धावतात: मागे तिघे, पुढे चालकाशेजारी एक. भाडं ठरलेलं, वाद सुट्ट्या पैशांवरून. दहा-वीसच्या नोटा जवळ नसतील तर सकाळीच खटका उडतो. कित्येक एकेरी रस्ते दुपारनंतर दिशा बदलतात, त्यामुळे ज्या रस्त्यानं टॅक्सी गेली त्यानं परत येईलच असं नाही. आणि कॉलेज स्ट्रीटची पुस्तकं रविवारी बघायला जाऊ नये, बहुतेक दुकानं बंद असतात.

संध्याकाळी चारनंतर तेलेभाजा: वांग्याची बेगुनी, कांद्याची पेंयाजी, सोबत मुरमुरे. फुचका आपल्या पाणीपुरीच्या अपेक्षेनं खाऊ नये. त्यात रगडा नाही, गोड चटणी नाही; चिंचेचं पाणी आणि काळे चणे घालून कुस्करलेला तिखट बटाटा, त्यावर असेल तर गंधराज लिंबू. मला हाच जास्त आवडतो. काठी रोल रात्रीचा. पराठा तव्यावर तुमच्यासमोर भाजत असतील तिथेच घ्यावा, आधी रचून ठेवलेला वातड लागतो.

मिठाई घरी न्यायची असेल तर संदेशाचा पाक विचारावा. नरम पाक म्हणजे मऊ संदेश, तो त्याच दिवशी खायचा. हावड्याहून मुंबईची गाडी तीसेक तास घेते, तेवढ्यात तो आंबतो. प्रवासाला कडा पाक, म्हणजे कडक संदेश, तोही पंख्याखाली पूर्ण गार झाल्यावर बांधून घ्यावा. गरम डब्यात भरला की वाफेनं ओला होतो. नलेन गूळ म्हणजे शिंदीच्या रसाचा गूळ. तो फक्त थंडीतला, डिसेंबर-जानेवारीत सर्वांत चांगला. ढेप घेताना कडेला अंगठ्यानं दाबून बघावी. चांगला पाटाली गूळ सहज तुटतो आणि धुरकट वास देतो. दगडासारखा कडक, फिकट आणि दाताखाली कचकचणारा असेल तर त्यात साखर मिसळलेली समजावी. बाटलीतला पातळ झोला गूळ चवीला याहून सरस, पण उष्ण हवेत थोड्याच दिवसांत फसफसतो, म्हणून तो तिथेच, सकाळच्या पोळीशी संपवावा.